आई-बाबांना यंदा अमेरिकेत कुठे न्यावं? नायगारा-वेगास सोडून गमतीशीर जागा सुचवा

नेपरव्हिलकर

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा येतायत, दुसरी खेप आहे त्यांची. पहिल्या खेपेला जे सगळ्यांचं ठरलेलं असतं ते सगळं उरकलंय, नायगारा, न्यूयॉर्क, डीसी, वेगास आणि वेगासहून बसने ग्रँड कॅन्यन. शिकागोत विवेकानंदांचं १८९३ चं भाषण झालं ती आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत पण झाली, बाबा तिथे इतका वेळ पाटी वाचत होते की चित्रं बघायची राहिलीच.

तर प्रॉब्लेम असाय की बाबांना 'सीनरी'मधे फार रस नाही. कुठल्याही धबधब्यासमोर उभं करा, पाच मिनिटात "बरं, पुढे काय?" पण जागेमागे काहीतरी माहिती, गंमत, विचित्र कायदा वगैरे असेल तर माणूस खुलतो एकदम. कृषी खात्यातून रिटायर झालेत, खिशात डायरी असते, तिच्यात सगळं टिपून ठेवतात आणि परत गेल्यावर कट्ट्यावर लोकांना छळतात. परवा फोनवर मलाच विचारलं, अमेरिकेच्या ५० राज्यांच्या नावात इंग्रजीतलं कुठलं एक अक्षर येतच नाही सांग. (क्यू. मी गुगल केलं गुपचूप.)

आईचे गुडघे दुखतात त्यामुळे ट्रेक, चढ वगैरे बाद. शिकागोहून गाडीने जाण्यासारखं एक मोठं आणि एक-दोन छोटी अशी ठिकाणं हवीयत, शिवाय विमानाने एखादी ट्रिप जमेल. जाणकारांनी मदत करावी. डिस्नी सुचवू नये प्लीज.

---

भटकी_मावशी

अरे वा, तुझे बाबा म्हणजे आमच्या ह्यांचे भाऊच वाटतायत.

मॅकिनॉ आयलंडला नेलंस का? मिशिगनमधे आहे, लेक ह्युरॉनमधे छोटंसं बेट. १८९८ पासून तिथे मोटारगाड्यांना बंदी आहे, आजतागायत! नुसते घोडे आणि सायकली. बेटाला गोल फिरणारा जो ८ मैलांचा रस्ता आहे ना एम-१८५, तो चक्क स्टेट हायवे आहे, आणि त्यावर सर्वसामान्य गाडी चालतच नाही. बाबांच्या डायरीत अख्खं पान जाईल बघ. कुरियरची पार्सलं, हॉटेलचा किराणा, कचरा, सगळं घोडागाडीतून, आपण बंदरावर उतरलो की समोरच एक गाडीवान पेट्या रचत असतो, दोन दांडगे घोडे शांतपणे उभे, आणि मागून एक माणूस फावडं घेऊन लीद गोळा करत फिरत असतो. वास येतो हं, खोटं कशाला सांगू, पण पुढच्या वळणावर फजची (चॉकलेटच्या मऊ वडीची) दुकानं सुरू होतात आणि लीद आणि चॉकलेट असा मिश्र वास दिवसभर नाकात राहतो. संगमरवरी टेबलावर गरम फज ओतून उलथन्याने गुंडाळत बसतात पोरं, बघायला फुकट आणि चवीला पण देतात. पर्यटकांना तिथले लोक 'फजी' म्हणतात.

आईंच्या गुडघ्यांची काळजी नको, घोडागाडीची टूर आहे, बसून सगळं बेट दिसतं. मॅकिनॉ सिटीपर्यंत गाडीने यायचं, गाडी तिथे ठेवायची आणि फेरी. जाताना ५ मैल लांबीचा मॅकिनॉ ब्रिज पण बघून घ्या, १९५७ साली सुरू झालाय. एक रात्र बेटावर राहिलात तर उत्तम पण जूनमधे हॉटेलं खिसा कापतात, आम्ही अलीकडच्या किनाऱ्यावर राहिलो.

---

चहाबाज

मावशींना अनुमोदन.

ट्रिव्हियाच हवा असेल तर माझ्याकडून ही रद्दी, बाबांना एकेक करून दे, एकदम देऊ नकोस:

डेट्रॉइटहून कॅनडाला जायचं तर दक्षिणेला जावं लागतं, नकाशा बघा खोटं वाटत असेल तर. नेवाडातलं रीनो हे लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला आहे. मेन हे एकमेव राज्य ज्याची हद्द फक्त एकाच राज्याला लागते. जॅक डॅनियल्स व्हिस्की जिथे बनते ती टेनेसीतली मूर काउंटी 'ड्राय' आहे म्हणजे गुजरातसारखं प्रकरण, डिस्टिलरीत स्मरणिका म्हणून बाटली मिळते तेवढीच. व्हरमाँटची राजधानी माँटपीलियर, ५० राजधान्यांत एकटी जिथे मॅकडॉनल्ड्स नाही, आणि त्या राज्यात १९६८ पासून रस्त्याकडेला जाहिरातीचे होर्डिंग लावायला बंदी. न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरता येत नाही, कायद्याने पंपावरचा माणूसच भरणार, त्यामुळे तिथल्या एडिसन गावच्या आपल्या मंडळींना दुसऱ्या राज्यात गेलं की पंपावर घाम फुटतो :-) फ्लोरिडातली सर्वात उंच जागा ३४५ फूट, सगळ्या राज्यांतलं सगळ्यात बुटकं शिखर. अलास्का रशियाकडून १८६७ मधे ७२ लाख डॉलरला घेतलं, आणि तिथलं लिटल डायोमीड बेट आणि समोरचं रशियाचं बिग डायोमीड यांच्यात जेमतेम ४ किलोमीटर अंतर पण मधून तारीखरेषा जाते, म्हणजे खिडकीतून 'उद्या' दिसतो.

हे सगळं बघायला जायची गरज नाही, चहा पीत सांगायचं.

---

डोंगरवेडा

मला एक कळत नाही, इतक्या लांबून माणसं आणायची आणि गमतीशीर जागा म्हणून त्यांना सुतळीचा गुंडा नाहीतर साउथ डकोटातला मक्याचा महाल दाखवायचा? (हो, कॅन्ससमधे कॉकर सिटी नावाच्या गावात १९५३ पासून सुतळी गुंडाळतायत, लोक बघायला जातात.) सरळ यलोस्टोनला घेऊन जा. १८७२ मधे झालेलं पहिलं नॅशनल पार्क, ओल्ड फेथफुल हा जमिनीतून उडणारा गरम पाण्याचा फवारा समोर बाकावर बसून बघता येतो, पुढचा फवारा कधी उडणार त्याची अंदाजे वेळ लिहिलेली असते, आईंना चालायला पण नको.

आणि ट्रिव्हियाच पाहिजे तर तिथे आहे की. पार्कचा बहुतेक भाग वायोमिंगमधे पण थोडा माँटाना आणि थोडा आयडाहोत येतो. तरी सगळं पार्क वायोमिंगच्या फेडरल कोर्टाच्या जिल्ह्यात टाकलेलं आहे. आता अमेरिकेची राज्यघटना म्हणते ज्युरी त्याच राज्यातली आणि त्याच जिल्ह्यातली पाहिजे. आयडाहोतल्या त्या ५० चौरस मैलांच्या पट्ट्यात कुणी राहतच नाही, मग ज्युरी आणायची कुठून? २००५ साली ब्रायन काल्ट नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी यावर पेपरच लिहिला, तेव्हापासून त्या पट्ट्याला 'झोन ऑफ डेथ' म्हणतात. तिथे गुन्हा केला तर खटला चालवणंच अवघड असा त्यांचा मुद्दा.

---

सांगलीचा_पैलवान

डोंगरवेडा, मक्याच्या महालाला नावं ठेवायची नाहीत, लै भारी जागा आहे ती आणि नेपरव्हिलकरचे बाबा कृषी खात्यातले आहेत हे वाचलं नाही काय?

नेपरव्हिलकर, तुझ्यासाठी मोठी ट्रिप म्हणजे आय-९० हा हायवे धरून पश्चिमेला साउथ डकोटा, डोळे झाकून. (गाडी उघड्या डोळ्यांनी चालव.) एका दिवसात रेटू नको, वाटेत मुक्काम कर.

पहिलं मिचेल गाव. तिथलं कॉर्न पॅलेस. पहिलं १८९२ मधे बांधलं, कारण असं की इथली जमीन किती पिकते हे लोकांना दाखवून त्यांनी इकडे वस्तीला यावं. बाहेरच्या भिंतींवर मोठमोठी चित्रं असतात आणि ती सगळी मक्याच्या कणसांची, रंग म्हणून एक थेंब नाही, पिवळं, लाल, निळं, काळपट, पांढरं असं वेगवेगळ्या रंगांचं वाण मुद्दाम पिकवतात, कणीस उभं चिरून अर्धं करतात आणि भिंतीवर आखलेल्या खुणांप्रमाणे खिळ्यांनी ठोकत जातात, कुठल्या चौकटीत कुठला रंग ते आधी लिहिलेलं असतं. जवळ जाऊन बघितलं की दाणे दिसतात, लांब गेलं की घोडा दिसतो. बहुतेक दरवर्षी नवीन विषय घेऊन नवीन चित्रं. पक्षी येऊन दाणे खातात म्हणून त्याला जगातलं सगळ्यात मोठं पक्ष्यांचं खाद्यपात्र म्हणतात. आत काय तर बास्केटबॉलचं कोर्ट! फुकट आहे. माझे सासरे द्राक्षबागायतदार, ते तिथे उभे राहून वाणाबद्दल विचारत होते आणि तिथल्या म्हातारबांनी हातात हात घालून त्यांना फिरवलं, दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती.

मग पुढे बॅडलँड्स, म्हणजे झिजून झिजून तयार झालेले उजाड सुळके, आणि वॉल ड्रग. हे एक औषधाचं दुकान आहे बरं का, १९३१ मधे टेड हस्टेड नावाच्या फार्मासिस्टने एवढ्याश्या गावात घेतलं, मंदीचे दिवस, गिऱ्हाईक नाही. १९३६ च्या उन्हाळ्यात बायकोच्या डोक्यात आलं की रस्त्यावरून इतक्या गाड्या जातायत, त्यांना तहान लागली असेल, पाटी लावूया 'बर्फाचं पाणी फुकट'. झालं, पाट्या लावून घरी येईपर्यंत गिऱ्हाईक उभं. आज ते दुकान म्हणजे अख्खी जत्रा आहे, आय-९० वर कितीतरी मैल आधीपासून त्यांच्या पाट्या सुरू होतात, शेवटी माणूस वैतागून थांबतोच. पाणी अजून फुकट आणि कॉफी ५ सेंट. आपल्याकडच्या दुकानदारांनी बघून यावं असं आहे.

आणि मग माउंट रशमोर, डोंगरात चार अध्यक्षांचे चेहरे कोरलेत ते. त्यावर लिहायला बसलो तर रात्र होईल.

---

कोकणकडा

रशमोरवर मी लिहितो थोडं, कारण बाबांसारख्या माणसाला तिथे नुसते चार चेहरे दाखवून परत आणलं तर काही मजा नाही.

१९२७ ते १९४१ असं काम चाललं, शिल्पकार गट्झन बोर्गलम. चेहरे ६० फुटी. जवळजवळ ९० टक्के दगड सुरुंगाने उडवलाय, छिन्नी शेवटी शेवटी, आणि एवढं करून कोरीवकाम करताना कुणाचा जीव गेला नाही. मूळ आराखड्यात कमरेपर्यंतचे पुतळे होते, पैसे आणि वेळ संपला आणि चेहऱ्यांवर थांबलं. लिंकनच्या डोक्यामागे डोंगरात एक खोली खोदायला घेतली होती, देशाची कागदपत्रं ठेवायला, ती अर्धवट राहिली, १९९८ मधे तिच्यात इतिहास लिहिलेले पोर्सिलीनचे फलक ठेवून वर ग्रॅनाइटची लादी बसवली. आपल्याला तिथे जाऊ देत नाहीत.

पण दुसरी बाजू पण सांगा त्यांना. रशमोर ज्यात आहे ते ब्लॅक हिल्स डोंगर इथल्या मूळनिवासी लाकोटा लोकांचे, १८६८ च्या फोर्ट लॅरमीच्या तहात त्यांना दिलेले, मग सोनं सापडलं आणि काढून घेतले. १९८० मधे सुप्रीम कोर्टाने नुकसानभरपाई मान्य केली, त्यांनी पैसे घेतलेले नाहीत अजून, जमीनच पाहिजे म्हणतात. तिथून जवळच क्रेझी हॉर्स या लाकोटा पुढाऱ्याचं शिल्प आहे, १९४८ पासून चालू, सरकारी पैसा घेत नाहीत, चेहरा १९९८ ला पूर्ण झाला आणि बाकी काम अजून चालूच. चेहरा रशमोरच्या चेहऱ्यांपेक्षा मोठा आहे. मला स्वतःला रशमोरपेक्षा ते जास्त भावलं, तिकीट मात्र महाग आहे. रशमोरला तिकीट नाही, पार्किंगचे पैसे.

डोंगरवेडा यांचं यलोस्टोन पण याच दिशेला आहे, पण आई-बाबांना बसवून तेवढं अजून पुढे खेचू नये असं माझं मत.

---

वाळवंटी_बाई

विमानाच्या ट्रिपसाठी माझं मत अ‍ॅरिझोना. एक विचारते, वेगासहून बसने ग्रँड कॅन्यनला गेलात ते वेस्ट रिमला (पश्चिम कड्याला) का, काचेच्या स्कायवॉकवाल्या? ती हुआलापाई या मूळनिवासी लोकांची जमीन, नॅशनल पार्कमधे येतच नाही. म्हणजे साउथ रिम राहिलाच तुमचा, आणि खरा ग्रँड कॅन्यन तो.

आता बाबांसाठी खास. साउथ रिमच्या कठड्यावरून समोर जे सुळके दिसतात त्यातल्या कितीतरींची नावं विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल अशी आहेत. देऊळबिऊळ काही नाही, नुसते डोंगर. १८८० च्या सुमारास क्लॅरन्स डटन नावाचे भूशास्त्रज्ञ तिथे सर्व्हे करत होते, त्यांना त्या आकारांत देवळांची शिखरं दिसली आणि पौर्वात्य नावं द्यायची हौस, त्यातून हे सुरू झालं. शिवाय मनू, बुद्ध आणि झोरोआस्टर पण आहेत. तळाशी नदीजवळ जो काळसर खडक दिसतो त्याचं नाव विष्णू शिस्ट, वय सुमारे १७० कोटी वर्षं. माझ्या आईने तिथे कठड्यापाशी उभं राहून हात जोडले, शेजारचा अमेरिकन बाप्या आधी तिच्याकडे मग डोंगराकडे बघायला लागला, मग त्याला सगळी गोष्ट सांगावी लागली. कठड्यालगत सपाट फरसबंद रस्ता आहे आणि फुकट शटल बस, गुडघ्यांना त्रास नाही.

नॉर्थ रिमच्या नादी लागू नका. समोर दिसतो, सरळ अंतर १० मैल, पण गाडीने वळसा २०० मैलांच्या वर, आणि २०२५ च्या जुलैत तिथलं जुनं लॉज वणव्यात जळून गेलं.

पुढे मॉन्युमेंट व्हॅलीकडे जाणार असाल तर घड्याळाची गंमत लक्षात ठेवा. अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. पण त्याच राज्यातले नवाहो हे मूळनिवासी लोक करतात. आणि नवाहोंच्या जमिनीच्या मधोमध होपी लोकांची जमीन आहे, ते करत नाहीत! म्हणजे जूनमधे एका सरळ रस्त्याने गेलात तर घड्याळ पुढे, मागे, पुढे. पेज गावातल्या अँटिलोप कॅन्यनच्या टूर अ‍ॅरिझोनाच्या वेळेने चालतात पण मोबाइल मधेच जवळच्या टॉवरची वेळ पकडतो, म्हणून फोनमधलं ऑटोमॅटिक टाइम बंद करून ठेवायचं किंवा बाबांचं साधं घड्याळ वापरायचं. (अँटिलोप म्हणजे अरुंद घळ, तिचे लोअर आणि अप्पर असे दोन भाग. लोअरला लोखंडी जिने आहेत, अप्परला आत चाल सपाट पण आता बाहेर पडताना जिने लागतात, आईंना जमेल का ते आधी विचारून घ्या.)

फोर कॉर्नर्स पण त्याच बाजूला. अ‍ॅरिझोना, युटा, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको एका बिंदूत मिळतात, अख्ख्या देशात अशी दुसरी जागा नाही. जमिनीत गोल धातूची चकती, तिच्यावर चार हातपाय चार राज्यांत टेकून फोटो काढायला रांग. बाबा ओणवे होतील का ते तुम्ही ठरवा. नवाहो बायकांचे स्टॉल असतात, फ्राय ब्रेड मिळतो, तो आपला भटुराच. फक्त एवढ्यासाठी मुद्दाम जाऊ नका, फार आडबाजूला आहे.

---

चहाबाज

विष्णू टेंपल माहीत नव्हतं, कसलं भारी.

मग बॉम्बेची पण आठवण करून देतो. न्यूयॉर्क राज्यात पार वर कॅनडाच्या सीमेजवळ बॉम्बे नावाचं गाव आहे, आपल्याकडे मुंबई होऊन इतकी वर्षं झाली तरी ते बॉम्बेच. कॅलिफोर्नियात सॉल्टन सी म्हणून खारट तळं आहे, १९०५ मधे कोलोरॅडो नदीचं पाणी कालवा फोडून खोलगट जागेत शिरलं आणि तळं झालं, त्याच्या काठावर बॉम्बे बीच, समुद्रसपाटीच्या २०० फूट खाली. एकेकाळी फॅशनेबल होतं म्हणे, मग पाणी बिघडलं, मासे मेले, लोक पळाले, आता कलाकार मंडळी तिथे काहीबाही उभारून ठेवतात. जूनमधे अजिबात जाऊ नये, भाजून निघाल.

---

घाटवाट

जवळची एक सोपी. रूट ६६ हा जुना प्रसिद्ध हायवे यंदा १०० वर्षांचा झाला, १९२६ चा आहे, आणि सुरू होतो तुमच्या शिकागोतूनच, अ‍ॅडम्स स्ट्रीटवर पाटी आहे. आर्ट इन्स्टिट्यूटच्या अगदी समोर! म्हणजे बाबा ज्या पाटीपाशी उभे होते तिथून रस्ता ओलांडला असता तर ही पण झाली असती. शेवट लॉस एंजेलिसजवळ सांता मोनिकाला. आठ राज्यांतून जातो, त्यात कॅन्ससच्या वाट्याला फक्त १३ मैल. अख्खा करायची गरज नाही, पाँटियाकपर्यंत जाऊन म्युझियम आणि भिंतींवरची चित्रं बघून संध्याकाळी घरी.

शनिवार-रविवार असेल तर आयोवातलं फेअरफील्ड पण आहे. महर्षी महेश योगींच्या लोकांनी १९७४ मधे बंद पडलेल्या कॉलेजचा कॅम्पस घेतला आणि विद्यापीठ काढलं, ध्यानासाठी दोन सोनेरी घुमट, एक पुरुषांचा एक बायकांचा. शेजारी महर्षी वेदिक सिटी नावाचं गाव २००१ मधे वसलं, वास्तूप्रमाणे घरांची दारं पूर्वेला, आणि चहूकडे काय तर मका आणि सोयाबीन. बाबांना दोन्ही विषयांवर बोलायला मिळेल.

आणि एक व्यवहाराचं. २०२६ पासून नॅशनल पार्कांचे दर परदेशी पाहुण्यांना वेगळे झालेत, वार्षिक पास रहिवाशांना ८० डॉलर आणि बाहेरच्यांना २५०, शिवाय ग्रँड कॅन्यन, यलोस्टोनसारख्या ११ पार्कांना पास नसेल तर माणशी १०० जादा. निघायच्या आधी पार्क सर्व्हिसच्या साइटवर तुमच्या केसमधे काय लागू होतं ते नीट वाचा.

---

नेपरव्हिलकर

बाप रे, किती ते प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार.

घरात चर्चा झाली. साउथ डकोटा फिक्स, मक्याचा महाल वाचून दाखवला तर बाबा म्हणाले तिकीट आधीचं करता येतं का बघ. मॅकिनॉ पण नक्की, आईला घोडागाडी आवडली, फजपेक्षा. रूट ६६ ची पाटी येत्या शनिवारी मीच जाऊन बघतो. अ‍ॅरिझोना तिकिटांचे भाव बघून. डेट्रॉइटचा फंडा सांगितला तर लगेच "मग जाऊया की कॅनडाला खाली", त्यांच्याकडे कॅनडाचा व्हिसा नाही हे समजवायला अर्धा तास गेला.

दोन शंका: ब्लॅक हिल्समधे रस्ते अरुंद आहेत म्हणे, आम्ही सात सीटची मिनीव्हॅन भाड्याने घेणार आहोत, जमेल ना? आणि शाकाहारी खाण्याचं काय?

---

सांगलीचा_पैलवान

नीडल्स हायवेवरचा नीडल्स आय बोगदा जेमतेम ८ फूट रुंद आहे, डोंगर फोडून केलेली फट नुसती. मिनीव्हॅन जाते, आरसे मिटून घ्यायचे, हळू जायचं आणि पलीकडून कोण येत नाही हे बघून शिरायचं. आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) असती तर नाही म्हणालो असतो. आयर्न माउंटन रोड पण करा, त्याचे बोगदे असे धरलेत की बाहेर पडताना समोर कमानीत रशमोर दिसतं, बाबांना पुढच्या सीटवर बसवा. दोन्ही रस्ते कस्टर स्टेट पार्कच्या भागात, तिथे रानगाढवं गाडीच्या खिडकीत तोंड घालतात, खायला मागतात, आईंच्या मांडीवर लाडूचा डबा उघडा ठेवू नका.

खाण्याचं म्हणाल तर तो सगळा बीफचा मुलूख. पिझ्झा, बेक्ड बटाटा, सॅलड यावर दिवस काढायची तयारी असेल तर ठीक, नाहीतर छोटा राइस कुकर, मूगडाळ-तांदूळ आणि मेतकूट बरोबर न्या. मोटेलमधे बहुतेक ठिकाणी मायक्रोवेव्ह-फ्रिज असतो पण बुकिंग करताना विचारून घ्या. रॅपिड सिटीला किराणा भरून घ्या, पुढे दुकानं लांब लांब आहेत.